केंजळेबाईंनी आपलाच दाखला खोटा पाडला

टाळ जरा मांडीवर ठेवा, मंडळी! पखवाजवाले, तुम्हीही दम खा. मला आधी एक उत्तर हवंय. शेजारणीची चूक चारचौघांत सांगायला किती वेळ लागतो हो? — बघा, मायबहिणी हसल्या! हंडा भरायच्या आत सांगून होते! आणि स्वतःची चूक? तीही अशी, की कुणाला ठाऊक नाही, कुणी विचारलेलं नाही, आणि सांगितली तर नोकरीवर पाणी! ती सांगायची का?

ऐका. ही गोष्ट मृदुला केंजळे या बाईंची. घाटमाथ्यावर मधमाश्यांचं एक संशोधन केंद्र होतं, तिथं त्या शास्त्रज्ञ. सातेरी माशी — आपल्या डोंगरातली, झाडाच्या ढोलीत राहणारी — तिचे रोग ओळखणं हे त्यांचं काम. वीस वर्षं तेच! घरातल्या माणसांपेक्षा माश्यांची तोंडं जास्त पाहिलेली बाई!

एके वर्षी केंद्रानं आठ गावांना माश्यांसकट मधपेट्या वाटायचं ठरवलं. मंत्री येणार, मांडव पडलेला, आमंत्रणं गेलेली. मोठे साहेब म्हणाले, "केंजळे, पेट्या निरोगी असल्याचा दाखला संध्याकाळपर्यंत द्या."

"साहेब, नमुने घेतलेत. विषाणूची तपासणी व्हायला आठवडा लागेल."

"मंत्री आठवडाभर मांडवात बसतील का? डोळ्यांनी बघा आणि सही करा!"

बाईंनी पेट्या उघडल्या. डोळ्यांना सगळं चांगलं दिसलं. केली सही! नमुने गोठवून ठेवले, दुसरी कामं आली, तपासणी राहून गेली. — आता माना हलवू नका, मंडळी! न वाचता सह्या आपणही केल्यात!

पुढल्या वर्षी कुसुंबवाडीहून निरोप आला. पेटीतल्या अळ्या मरतायत. अळी सुजते, पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी होते, कुजते. माश्या घर सोडून जातात. आठही गावांत तेच! पारूबाई उतेकर नावाच्या म्हातारीकडे केंद्राच्या सहा पेट्या होत्या. सहाही रिकाम्या.

केंद्रानं अहवाल लिहायला घेतला. कारण काय? तर गावकऱ्यांची अस्वच्छता! पारूबाईचं तर नाव घालून! म्हातारी दिवसातून दोनदा पेटीखालची जागा झाडायची हो! आणि गाव काय म्हणालं? "पारूमुळं आमच्या पेट्या गेल्या!" तिच्याशी बोलणं सोडलं.

केंजळेबाईंनी तो अहवाल वाचला. गोठवलेले नमुने आठवले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी काढले, तपासले. आणि काय निघालं? विषाणू! वाटपाच्या आधीच, केंद्राच्या पेट्यांत! रोग गावानं केला नव्हता. रोग मांडवातून, हार घालून, बाईंच्या सहीनं गावात गेला होता!

बाई खुर्चीत बसून राहिल्या. लाज वाटली. भीती वाटली. नमुना फेकायला किती वेळ लागतो? मोरी दोन पावलांवर होती!

त्या उठल्या आणि साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी कागद वाचला. "हे नमुने कुणी मागितले होते?"

"कुणीच नाही."

"मग ते नाहीतच असं समजा. 'कारण अनिश्चित' लिहा. केंजळे, दाखल्यावर सही तुमची आहे. बुडाल तर तुम्हीच!"

बाईंनी आपला कागद परत उचलला. "सही माझी आहे, म्हणूनच बोलणारही मीच."

"उद्या सगळ्या पेट्या जाळायचा हुकूम निघालाय. पुरावाच राहणार नाही."

"मी राहीन ना!" — वा! असा जबाब पाहिजे!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कुसुंबवाडीत पोचल्या. देवळापुढे गाव जमलेलं. बाईंनी सरळ सांगितलं, "पारूबाईंची काही चूक नाही. रोग आमच्या पेट्यांतून आला. न तपासता दाखला मी दिला."

मंडळी, तुम्हाला वाटेल गावानं जयजयकार केला! छे! शिव्या घातल्या! एकानं बाईंची पिशवी भिरकावली. पारूबाई पुढं आली.

"सई तुजी?"

"माझी."

"मंग आता रडाया आलीस व्हय?"

"नाही. तुमच्याकडे एखादी पेटी जगलीय का, ते बघायला आले."

म्हातारीनं आपल्या परसाकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "हाय एक. माजी जुनी. ढोलीतनं धरल्याली. तिला कायबी झालं न्हाई."

तेवढ्यात केंद्राची जीप आली. दोन माणसं, रॉकेलचा डबा! बाई परसातल्या त्या जुन्या पेटीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "रिकाम्या जाळा, आजारी जाळा, मी काड्या देते. ही नाही!"

"बाई, हुकूम सगळ्या पेट्यांचा आहे."

"मग आधी केंद्रातल्या जाळून या! रोग तिथला आहे!"

आणि पारूबाई? येऊन बाईंच्या शेजारी उभी राहिली. मागोमाग, मघाशी शिव्या घालणारेही आले. जीप परत गेली!

बाईंनी पेटी उघडली. मेणानं झाकलेल्या शंभर घरांतल्या पिल्लांना टाचणी टोचली. म्हणजे पिल्लू आत मरतं, आणि माश्यांना ते कळतं का, हे समजतं. दुसऱ्या दिवशी मोजलं. शंभरातली सत्त्याण्णव घरं साफ! मेलेलं ओढून बाहेर टाकलेलं. आजारी पिल्लू रोग पसरायच्या आत बाहेर, म्हणून ती पेटी जगली होती!

त्या एका पेटीतून बाईंनी आणि पारूबाईनं तीन वर्षांत माश्यांच्या एकेचाळीस नव्या वसाहती केल्या. काही मेल्या, खोटं कशाला सांगू. पण बऱ्याच टिकल्या, आणि आठही गावांत पुन्हा माशी गुणगुणू लागली. बाईंची बढती गेली. चौकशी झाली, शिक्षा म्हणून दोन पगारवाढी थांबल्या. चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, "पश्चात्ताप होतो का?"

"सहीचा होतो," बाई म्हणाल्या. "बोलल्याचा नाही. पुन्हा बोलेन!"

आता माझ्याकडे काय बघता, मंडळी? देवाकडे बघा, तो समोर उभा आहे! इथं अध्यक्ष आहेत, मास्तर आहेत, डेअरीचे सचिव आहेत, सुनेला बोल लावणाऱ्या सासवा आहेत. आपल्या चुकीपायी कुणी पारूबाई गावात मान खाली घालून फिरतेय का? असेल, तर माझ्या पाया पडू नका. कीर्तन संपेपर्यंतही थांबू नका. उठा, तिच्या दारात जा आणि बोला! जो आत्ता उठेल, त्याला पहिला बुक्का मी लावीन.

— कोण उठतंय?