खोकं वाजत राहू द्या

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मुख्याध्यापक सर, व्यासपीठावरचे पाहुणे, सहकारी, पालक, मुला-मुलींनो, आणि स्वतःबद्दलचं कौतुक ऐकावं लागतंय म्हणून अवघडून बसलेल्या आमच्या ग्रंथपाल बाई, सर्वांना नमस्कार.

बाईंच्या निरोपाचे दोन शब्द मला बोलायला सांगितलंय. पण सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. का, ते ओघात येईलच.

बाईंनी शाळेला काय दिलं? आधीचे वक्ते म्हणाले, शांतता. खरंच आहे. वाचनालयात पान जरा जोरात उलटलं तरी बाईंचा चष्मा आपल्याकडे वळायचा. मी इथलीच विद्यार्थिनी, तो चष्मा मला पाठ आहे. मी मात्र बाईंनी केलेल्या गोंगाटाबद्दल बोलणार आहे.

मी विज्ञान शिकवायला इथे परत आले, तेव्हा मुलींसाठीची सॅनिटरी पॅडची पाकिटं कार्यालयाच्या कपाटात, कुलपात असायची. मुलीनं टेबलापाशी जाऊन मागायचं. आमचे लेखनिक मनाचे चांगले, पण म्हणायचे, "काय हवंय? मोठ्यानं बोल!" मुली मोठ्यानं बोलत नसत. पोटात दुखतंय सांगून घरी जात.

म्हणून मी खोकं बनवलं. प्लायवूडचा डबा, भंगारातल्या गाडीच्या वायपरची मोटार, बॅटरी आणि जाड तारेचं वेटोळं. बटण दाबलं की वेटोळं एक फेरा घेतं आणि त्यात अडकवलेलं एक पाकीट खालच्या खणात पडतं. कुलूप नाही, मागणं नाही. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आई म्हणाली, "एवढं शिकलीस, आणि खोकं केलंस?"

मी म्हटलं, "दाबून तर बघ."

तिनं दाबलं. पाकीट पडलं. तिनं ते उचलून उलटसुलट पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आमच्या वेळी हे असतं, तर मी शाळा सोडली नसती गं."

खोकं याच मजल्यावर, वाचनालयाबाहेरच्या भिंतीला लागलं. आणि मग कळलं, की घरातल्या गलक्यात माझ्या लक्षातच न आलेली एक गोष्ट होती. घर्रर्र, खटाक! अख्ख्या मजल्याला ऐकू जायचं. मुलं वर्गातून ओरडायची, "वाजलं रे!" खोक्याकडे कुणी फिरकेना. मी मोटारीखाली रबर लावलं, आत स्पंज कोंबला. घरघर होती तशीच. मी रडकुंडीला आले.

तेवढ्यात बाई बाहेर आल्या. वाटलं, झालं, आता खोकं काढायला लावणार. बाई म्हणाल्या, "तो स्पंज काढ."

"अहो बाई, पण आवाज..."

"कधीतरी वाजलं की सगळे वळून बघतात. सारखंच वाजायला लागलं, तर कोण बघतंय?"

त्या दिवसापासून बाई पाणी प्यायला निघाल्या की घर्रर्र, परत येताना घर्रर्र. पडलेलं पाकीट पुन्हा आत. पुस्तक उशिरा आणणाऱ्यालाही तीच शिक्षा, "जा, बटण दाबून ये."

"बाई, मी मुलगा आहे!"

"मग बोट नाही का तुला?"

हळूहळू ओरडणं थांबलं. पाकिटं संपायला लागली. मुली वर्गात बसायला लागल्या.

आज सकाळी मला कळलं, की बाई निवृत्त झाल्या की खोकं कार्यालयात हलवायचं. कारण काय, तर आवाजाचा त्रास होतो. सर, हे मी तुमच्याशी चहाच्या वेळी बोलायला हवं होतं. पण चहाच्या वेळी तुम्ही "नंतर बघू" म्हणता. खोकं कार्यालयात गेलं, की मुली पुन्हा त्याच टेबलासमोर. म्हणजे पुन्हा पोटदुखी, पुन्हा घर. आणि आहे तिथेच राहिलं, तरी बाईंमागे ते वाजवणार कोण, हीही धास्ती...

थांबा. ऐकलंत?

घर्रर्र, खटाक. बाई तर इथे बसल्यात. मग दाबलं कोणी? मला माहीत नाही, आणि शोधायचंही नाही. पण सर, मी इथून बघत होते. एवढ्या सभागृहात एकाचीही मान वळली नाही. तुमचीसुद्धा.

बाई, तुम्ही निर्धास्त जा.

बोलू दिल्याबद्दल आयोजकांची आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर धाकटी समजून पोटात घाला. आवाजाची माफी मात्र मी मागत नाही.