रांग सध्या आवारात आहे

नाव वर कागदावर घेतले आहे. गल्लीत मला इस्त्रीवाल्या काकू म्हणतात. वय ५४ वर्षे, धंदा इस्त्रीचे दुकान, राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा, सून आणि तान्ह्या नातीसह राहते. टाकी आमच्या डोक्यावर आहे, पण तिचे पाणी पलीकडच्या वस्तीला जाते. आमच्या गल्लीला नळ नाही. एक दिवसाआड सरकारी टँकर येतो. तो कधी येईल हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसते. म्हणून आम्ही सकाळीच आपापले कॅन, डबे, बादल्या रस्त्याच्या कडेला ओळीने लावतो आणि कामाला लागतो. ती ओळ दिसली की टँकर थांबतो. जिथे डबा तिथे माणूस, असा आमचा नियम आहे. कोपऱ्यावरच्या आजी अंथरुणाला खिळल्या आहेत, त्यांचा बिनझाकणाचा डबा सर्वांत पुढे असतो. गल्लीत भांडणे पुष्कळ होतात, पण दुसऱ्याचा डबा कोणी हलवत नाही.

आज सकाळी मी शर्टाची कॉलर दाबत असताना साफसफाई पथकाची गाडी आली. पथकाच्या साहेबांनी "बेवारस सामान उचला" असा हुकूम दिला. मी इस्त्री उभी केली आणि धावले. म्हटले, "अहो साहेब, ही रांग आहे." ते म्हणाले, "रांगेत माणसं असतात, बाई." त्यांच्या माणसांनी आजींचा डबा गाडीत फेकला, तो चेपला. मला फार राग आला.

मी गाडीत चढून माझ्या कॅनवर बसले, हे खरे आहे. उतरा म्हटल्यावर उतरले नाही, हेही खरे आहे. माझा नंबर सोडून मी कशी जाणार? साहेबांना शिवी दिली, हे मात्र साफ खोटे आहे. "डोळे घरी ठेवून आलात काय?" एवढेच विचारले. ती शिवी होत असेल तर खुशाल लिहा.

त्यांनी गाडी थेट पोलीस स्टेशनला आणली. इथे असताना सुनेचा फोन आला. टँकर आला, रस्त्यावर रांग दिसली नाही, म्हणून न थांबता भरलेला परत गेला. मी पाणी खात्याला फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, "घ्यायला कोणी नव्हतं. तुमच्या गल्लीची फेरी आजपासून बंद." घरात बाळाचे कपडे धुवायलासुद्धा पाणी नाही.

माझे म्हणणे असे की, पाणी घ्यायला आम्ही सगळे हजर होतो. आम्हाला गाडीत भरून इथे आणले. पाणी आमच्या हक्काचे आहे, कोणाची मेहेरबानी नाही. पथकाविरुद्ध माझी तक्रार आहे. हवालदार म्हणाले, "काकू, डबे घ्या आणि घरी जा." मी नाही म्हटले. सगळे डबे मी स्टेशनच्या आवारात, रस्त्यावर होते त्याच क्रमाने लावले आहेत. रांग सध्या येथे आहे, तरी टँकर येथेच पाठवावा. तो आल्याशिवाय मी हलणार नाही.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. त्यात शेवटी "ही विनंती" असे होते. मी विनंती केलेली नाही, म्हणून ते खोडायला लावले. बाकी मी सांगितले तसेच आहे. सही करते.