खंडेनवमीचा पासवर्ड

—नाय, चहा नंतर. आधी दोष कोणाचा ते बोला. तुम्ही कॉम्प्युटरचे जाणकार, ओमकारने मुंबईहून तुम्हाला त्यासाठीच पाठवलंय ना? मग सांगून टाका त्याला, दर्शनाचा. सून झाली म्हणून काय झालं? कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्युटर कोणाच्या ताब्यात होता? तिच्या. खोली तापली की फोनवर मेसेज येईल, आप्पा, तुम्ही बिनघोर राहा — हे कोण म्हणालं? तीच. आणि खोली रविवारभर तापत राहिली, मेसेज एक आला नाय, सगळी सुरमई कुजली — खड्डा खणून पुरली हो! मग माणूस बोलणार नाय? बोललो. गड्यांसमोर बोललो. भरून द्यायला तुझा बाप येणार काय, म्हणालो. — बरं, जास्त बोललो. म्हणून मनस्वीला उचलून मंडणगडला माहेरी जायचं? नातीशिवाय घर खायला उठतं, ते कोणाला सांगू? वर ओमकार म्हणतो, चूक दर्शनाची नसेल, तर तिची माफी मागेपर्यंत मीपण घरी पाय ठेवणार नाय. माझा मुलगा, मला अट घालतो!

काय? पासवर्ड कोणी बदलला? मी बदलला. घरात कर्ता कोण? खंडेनवमीला यंत्रांची पूजा मीच करतो — कॉम्प्रेसर पुसला, वजनकाटा पुसला, कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, म्हटलं मेसेजच्या खात्याचा पासवर्डपण आज नवा होऊ दे. एखादं चिन्ह घालावं, चोराला लागत नाय, असं बँकेत ऐकलेलं. घातलं — सुरमई, मग डॉलर, मग पापलेट, सगळं इंग्रजीत. आपला माल बाहेरदेशी जातो, डॉलर शुभ! आपोआप मेसेज पाठवणारी ती कॉम्प्युटरातली स्क्रिप्ट, तिच्यातपण मीच टाकला, कुठे टाकायचा ते दर्शनानेच एकदा दाखवलेलं. आणि काय तो गचाळपणा — पासवर्डच्या मागेपुढे दोन ठिपके लोंबत होते, माशी बसून गेल्यासारखे. तेपण पुसले. पूजेच्या दिवशी सगळं स्वच्छ नको?

थांबलात का? — कसली अवतरणचिन्हं? — मुद्दाम लावलेली? — म्हणजे ती नसली की मशीन डॉलरपासून पुढचं गिळून टाकतं? नुसतं सुरमई पोचायचं, आणि मेसेजवाली कंपनी म्हणायची, पासवर्ड चूक? — खंडेनवमीपासून? एकसुद्धा मेसेज नाय?

हे बघा, ओमकारला सांगा, यंत्र बिघडलेलं. कोणाचाच दोष नाय. एवढं जमेल ना? — असे बघताय काय माझ्याकडे? माझ्याच ऑफिसात बसून?

म्हणत होती हो ती. आप्पा, मला एकदा बघू तरी द्या, म्हणत होती, दारात उभी राहून — आणि मी ह्या खोलीला कुलूप घातलं. हिने बिघडवलं आणि आता हीच बघणार, म्हणालो.

लावा फोन. ओमकारला नाय, शिंचं कळत कसं नाय तुम्हाला — तिला लावा. — वाजतोय? द्या इकडे.

आणि तुम्ही काय ऐकत बसलाय? बाहेर व्हा. दार ओढून घ्या.