आधी कलम दाखव

प्राप्तिकराची विवरणपत्रे धाडण्याच्या शेवटच्या दिवशी, अमेरिकेतल्या टोपेका शहराच्या टपालकचेरीतील रांगेत उभ्या असलेल्या आर्डिसबाईंच्या कानी पुढच्या मायलेकांचे बोलणे पडत होते.

“आई, केंद्र सरकारला कर द्यायलाच हवा, असा कायदाच नाहीये. पगार म्हणजे उत्पन्न नव्हे, घामाचा मोबदला!”

“घाम? तुला, रॉस्को?”

“लायलमामानं शोधून काढलंय.”

“मग कुठाय तुझा मामा?”

“तुरुंगात. पण तिथून अपील करतोय!”

“सही कर.”

“आधी कलम दाखव.”

“बरं. पन्नाशीच्या घोड्याला आईनं तळघरात फुकट ठेवून रोज गिळायला घालावं, ते कलम तू दाखव.”

रांग दोन पावले सरकली.

“आई, पेन आहे?”

आर्डिसबाईंनी मागून आपले पेन पुढे केले.

“घे. आणि परत कर. त्याचं कलम विचारू नकोस.”