हिचा हातगुण

नाही नाही, तुमच्या बायकोला मध्ये आणू नका साहेब — ओला फडका मारला म्हणे, म्हणून जळला म्हणे — तुम्ही पाहिलंत? नाही ना? मग आधी कॉम्प्युटरचा हा डबा उघडू द्या, आत काय झालंय ते बघू, मग कुणाला सुळावर चढवायचं ते ठरवा. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे, खुर्ची घ्या. घराचंच दुकान केलंय, काय करणार — पुढे मी, आत ही. आणि बोटं नका घालू त्यात. प्लग काढून आणलात हे खरं, पण ह्या पॉवर सप्लायच्या पोटात वीज साठून राहते, असा झटका देईल की सात पिढ्या आठवतील. मी रिकामा करून घेतो, मग पाच मिनिटं नुसतं बसायचं.

ऐकलंत? आतून विचारतेय — 'अहो, पंखा लावू का?' लाव गं, लाव! — आता स्वतःच्या घरातला पंखा, त्यात विचारायचं काय? पण विचारते. अकरा वर्षं झाली, विचारल्याशिवाय बटणाला हात नाही.

का म्हणजे? सांगतो, पाच मिनिटं काढायचीच आहेत. आमची लेक तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, तिचं दोन महिन्यांचं लिखाण घरच्या कॉम्प्युटरात. हिनं सकाळी टेबल पुसलं, मागची जळमटं काढली. मी आलो, बटण दाबलं — फट्कन आवाज, धूर, आणि लिखाणासकट सगळं गेलं. पोर भिंतीला टेकून रडायला लागली. आता ह्या डब्यांना मागे एक लाल खटका असतो, विजेचा दाब कमी-जास्त करायचा — चुकून सरकला की डबा गेलाच म्हणून समजा. मला वाटलं, हिच्या फडक्यानं सरकला. वाटलं म्हणजे, नुसतं वाटलंच — वाकून पाहिलंसुद्धा नाही. आणि लेकीच्या देखत म्हणालो, "तुझा हातगुणच असा. हात लावशील तिथं वाटोळं."

एवढंच हो. आवाजही चढवला नव्हता. लोक मला म्हणायचे ना, तुमच्या हाताला गुण आहे, मेलेलं यंत्र उठवता — तेच डोक्यात गेलेलं, दुसरं काय. तेव्हापासून हिनं हात आवरला. इस्त्री नको, मिक्सर नको, फोन वाजला तर माझ्याकडे बघायची. मग लेकीला मुलगा झाला. दवाखान्यात नर्सनं बाळ पुढे केलं, तर ही दोन्ही हात मागे घेऊन उभी. "तुम्हीच घ्या," म्हणाली, "माझा हात नको त्याला." आणि मी हसलो. खोटं कशाला सांगू, हसलो मी — म्हटलं रुसवा आहे, जाईल. नातू आता शाळेत जातो. हिनं त्याला एकदाही कडेवर घेतला नाही.

तो जळका डबा? नाही उघडला. दुनियेचे उघडतो, घरचा माळ्यावर फेकला. तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डब्यात बसवायला छोटा पंखा हवा होता, म्हटलं त्यातला काढू. काढायला बसलो, तर लाल खटका जागच्या जागी — त्याच्यावर मीच मारलेली चिकटपट्टी, जशीच्या तशी. आत बारा व्होल्टच्या लाइनीवर एक कपॅसिटर — वीज साठवतो तो — फुटलेला. त्यावर लिहिलेलं दहा व्होल्ट. बारा सोसायला सोळाचा लागतो तिथं, शिकाऊ पोरालाही कळतं. कुणी बसवला? आदल्याच महिन्यात मी. सोळाचा नव्हता, दहाचा हाताशी होता, म्हटलं घरचंच तर आहे, चालतंय. सोल्डरचा टाकाही माझाच — मी कथील जरा जास्त लावतो, लांबून ओळखू येतो.

तसाच आत गेलो, सांगितलं तिला. पण तोवर हिचं विसरणं सुरू झालेलं. डॉक्टर म्हणाले वाढत जाईल, तसं वाढलंच. लेकीचं लग्न विसरली. आई जाऊन वीस वर्षं झाली, तर विचारते आई जेवली का. मला कधीकधी पोस्टमन समजते — पत्र आहे का म्हणते. सगळं गेलं साहेब, आणि माझं ते एक वाक्य तेवढं राहिलं. रोज सांगतो, अगं चूक माझी होती, मी दहाचा बसवला. ऐकते, 'बरं झालं बाई' म्हणते, आणि चहा निवायच्या आत पुन्हा — 'मी मुद्दाम नाही हो लावला हात.' फुटलेला डबा पुढ्यात ठेवून दाखवला, तर त्या डब्यालाच हात जोडले तिनं. आता काय करू, सांगा. चांगली होती तेव्हाची आठ वर्षं माझ्या हातात होती. एकदा वाकून बघायचं होतं फक्त.

थांबा — आलीच ती. ये गं. नाही नाही, हा आपला नव्हे, ह्यांचा आहे — अगं, त्यांना कशाला हात जोडतेस — तिला वाटतंय साहेब, तुमचाही तिच्यामुळेच गेला. तुम्ही सांगा ना तिला. माझं पटत नाही, मी घरचा. आजी म्हणा, काकू म्हणा, काही म्हणा, पण सांगा.

हं... ऐकलंस? काय म्हणाले ते? तुझ्यामुळे नाही म्हणाले. — हसली बघा. हलू नका, हलू नका साहेब, ठेवू द्या. डोक्यावर हात ठेवतेय तुमच्या. कुणाला न विचारता.

झालं. आता उठा तुम्ही. डबा राहू द्या, उद्या बघू. चपला बाहेर जाऊन घाला — जा हो पटकन, तिनं परत विचारायच्या आत जा.