भावोजींचं अडकणारं पिस्तूल

पिस्तूल जवळ असलं की माणूस निर्धास्त, असं वाटतं ना तुम्हाला? मग आमच्या कोपरच्या भावोजींचं ऐका. बिल्डर माणूस, धमक्या यायच्या, म्हणून लायसन्स काढून छोटं पिस्तूल कमरेला लावतात. परवा त्यांच्याबरोबर शूटिंग रेंजवर गेलेलो, तर दर दुसरी गोळी अडकायची. मॅगझिन बदललं, गोळ्या बदलल्या, तरी तेच. शेवटी ठाण्यात बंदुका दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेलं. त्यांनी ते उघडलं आणि आतून कुंकवाचा चिखल काढला, वर एक अख्खा तांदूळ.

"दसऱ्याला पूजा करता?" काकांनी विचारलं.

"दरवर्षी. हळद-कुंकू, अक्षता, वरून थोडं तेल."

"म्हणून अडकतंय."

भावोजी पांढरेफटक. "म्हणजे तीन वर्षं मी हे असंच घेऊन फिरतोय? वेळ आली असती तर?"

काका हात पुसत म्हणाले, "आली का? नाही ना? मग पूजा फळली म्हणायची."