आत्याच्या अंगठ्याखालचं बटण

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी आत्या आणि भाचा नंबरची वाट बघत होते.

"आत्या, तुझ्या फोनवरचं नंबर लावायचं हे पान मीच बनवलंय. माझी नोकरी जाणार."

"का रे? छान मराठीत दिसतंय की."

"सेटिंग जुन्या अरबी पानावरून उचललं. भाषा बदलली, पण दिशा उजवीकडून डावीकडेच राहिली. सगळी बटणं डाव्या बाजूला गेलीत! लॅपटॉप उघडलाच आहे, आत्ताच सरळ करतो."

"हात लावून तर बघ! मी डावरी. साठ वर्षांत पहिल्यांदा एखादं बटण माझ्या अंगठ्याखाली आलंय. कात्रीनं कधी एवढी माया दाखवली नाही."

"साहेबांनी सकाळी नुसतं 'शाबास' लिहिलंय. टोमणाच तो."

"साहेब सही कुठल्या हातानं करतात?"

"...डाव्या."

"मग मिट तो लॅपटॉप. आणि आता कात्रीचं बघ."